बाजेशेजारचे माणूस

महसूल खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाची एक खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. कोणताही कागद हाती आला म्हणजे त्यात काय लिहिले आहे यापेक्षा कोणता रकाना राहून गेला आहे याकडे त्याची नजर आधी जाते. गडचिरोली जिल्ह्यातल्या तीन तहसिलींत मिळून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे आणि श्रावणबाळ योजनेचे किती अर्ज माझ्या मेजावरून गेले याची मोजदाद मी ठेवली नाही. अर्जदाराचे नाव, वय, वार्षिक उत्पन्न एकवीस हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, तलाठ्याचा अहवाल आणि वर्षातून एकदा हयातीचा पुरावा, एवढा सगळा ऐवज नीट लावून मी नस्ती पुढे सरकवीत असे. परंतु त्या अर्जदाराला धरून कचेरीच्या पायऱ्या चढवणारी, त्याचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवून देणारी आणि काम होईपर्यंत भिंतीला टेकून मुकाट उभी राहणारी जी बाई असे, तिचे नाव कोणत्याही रकान्यात नसे. आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला माझ्याच घरातले माणूस बाजेवर पडावे लागले.

माझ्या वडिलांना लकवा मारला तो धानाच्या रोवणीच्या ऐन दिवसांत. आमचे गाव आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेपासून फार दूर नाही; पाऊस लागलेला, बांध्यांत पाणी तुंबलेले, आणि बांधावर उभे राहून मजुरांना हाका मारता मारता त्यांची जीभ जड झाली व उजवी बाजू लुळी पडली. गावातल्या जाणत्यांनी कबुतराचे रक्त चोळण्याचा सल्ला दिला, तो न मानता आम्ही त्यांना नागपूरला नेले. अकरा दिवसांनी तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात, ज्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, आम्हाला असे सांगण्यात आले की आता करण्यासारखे काही उरलेले नाही, घरी न्या आणि सेवा करा. 'सेवा करा' हे दोन शब्द उच्चारायला सांगणाऱ्याला क्षणभरही लागला नसेल; ते अमलात आणायला माझ्या आईला चार वर्षे आणि दोन महिने लागले. त्या काळात मी दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी येत असे, रविवारी वडिलांची दाढी करून देत असे, थोडा वेळ पाय चेपीत असे आणि सोमवारी सकाळी कचेरीत हजर होत असे. आणि एवढ्या भांडवलावर नात्यागोत्यात व कचेरीत माझा असा लौकिक झाला की, मुलगा असावा तर असा, बापाची काय सेवा करतो! तो लौकिक मी कधी नाकारला नाही, हे आज कबूल केलेले बरे.

सेवा हा शब्द आपल्याकडे इतका सोवळा झाला आहे की त्याच्या आत काय भरले आहे हे उघडून पाहण्याचा कोणाला धीर होत नाही. निजून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी पालटावी लागते, न पालटल्यास माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग काळी पडते आणि मग फुटते. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आईला ते जखमेनेच शिकवले. सुतळीची बाज मधे झोल खाते आणि त्या झोलात देहाचा सगळा भार नेमका त्याच हाडावर येतो, हे सुताराने सांगितले, डॉक्टरने नव्हे. आणि हवेची गादी नावाची वस्तू बाजारात विकत मिळते हे ती पहिली जखम भरत आली तेव्हा कळले. घास मोठा झाला तर घशात अडकतो, पेज फार पातळ झाली तर ठसका लागून छातीत उतरते, म्हणजे घासाची जाडी किती असावी याचे मोजमाप बोटांना यावे लागते. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत. त्या चुलीवरच्या दोरीवर टाकल्या की धुराचा वास धरतात, आणि न टाकाव्या तर मुताचा वास जात नाही. चाळीस किलो वजनाच्या बाईने साठ किलो वजनाच्या पुरुषाला बाजेवरून उचलून खाली बसवावयाचे, तेही त्याची लाज राखून, हा व्यायाम कोणत्याही तालमीत शिकवीत नाहीत.

या सगळ्याहून कठीण होती ती वडिलांची वाचा. लकव्याने त्यांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक ठेवला होता, आणि तो शब्द 'नाही' हा होता. पाणी हवे असले तरी नाही, दिवा मालवावयाचा असला तरी नाही, नातू जवळ यावासा वाटला तरीही नाहीच. संस्कृतात 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ धात्वर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, सेवा हा अर्थ त्यावर पुढे चढला, हे मी शाळेत पाठ केले होते. त्या शब्दाची फोड मला आईने करून दाखवली, जिला अक्षर ओळखता येत नव्हते. एकाच 'नाही'च्या दहा-बारा जाती ती स्वरावरून वेगळ्या ओळखत असे, आणि मला एकही ओळखता येत नसल्यामुळे रविवारी दुपारी माझी व वडिलांची जी विपरीत संभाषणे चालत, ती स्वयंपाकघरातून ऐकून ती हसतही असे. ती हसत असे, याचा मला आज फार आधार वाटतो.

आमचे घर अपवाद होते असे कोणी समजू नये. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेतल्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या ८६ खेड्यांत झालेल्या मृत्यूंची कारणे शोधली आणि २०१५ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, या खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण मेंदूचा झटका, म्हणजे आपला लकवा, हे होते; दर सात मृत्यूंमागे सुमारे एक. जंगलाच्या जिल्ह्यात माणसे हिवतापाने, सर्पदंशाने किंवा वाघाच्या पंजाने मरतात अशी समजूत करून बसलेल्या शहरी वाचकाला हे नवल वाटेल. पण माझे लक्ष त्या संशोधनातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे अधिक गेले: लकव्याने गेलेल्यांपैकी बहुतेकांचा शेवट घरीच झाला होता, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक झटक्यानंतरचा पहिला महिना ओलांडून जगले होते. म्हणजे तितक्या घरांत महिनोन्महिने, कोठे वर्षानुवर्षे, एक बाज होती. आणि बाज होती म्हणजे तिच्या शेजारी जमिनीवर एक चटईही होती. त्या चटईवर कोण निजत असे, हे मात्र कोणी मोजलेले मला ठाऊक नाही.

ते माणूस बहुधा बाईच असते हे सांगायला संशोधनाची गरज नाही. तरी आकडा हवा असेल तर केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत तो आहे. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांत बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ७६. घरकामाची २९९ मिनिटे आणखी वेगळी. त्यात पुरुषांचा वाटा ९७. सरासरीत लहान पोरांचे न्हाऊमाखूही धरलेले असते. जिच्या घरी लुळे पडलेले माणूस आहे तिच्या दिवसाची मिनिटे कोणत्याही सरासरीत मावत नाहीत. तिची मजुरी बुडते ती निराळीच. आमच्या भागात तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातल्या दोन-तीन आठवड्यांचा, आणि अनेक घरांत वर्षभरातला रोख पैसा म्हणजे तेवढाच. पहाटे अंधारात जंगलात शिरावयाचे, दुपारी घरी बसून पुडके बांधावयाचे. ज्या घरात बाज आहे त्या घरातली सून पहाटे निघू शकत नाही. शासनाच्या आरोग्य योजनेत रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च निघतो हे मोठेच काम झाले आहे, परंतु बुडालेल्या पुडक्यांचे बिल कोणत्या खिडकीवर द्यावयाचे?

आता अधिक अवघड गोष्टीकडे वळतो, कारण अंगाचे श्रम सांगता येतात, मनातले सांगता येत नाहीत. एके रात्री तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली तेव्हा आईने वडिलांच्या हातावर चापट मारली. हे तिने मला वडील गेल्यावर तीन वर्षांनी सांगितले, आणि खुनाची कबुली द्यावी तशा आवाजात सांगितले. मी काही बोललो नाही, कारण काय बोलावे हे सुचले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "येनारा-जानारा त्याइलेच इचारे, मले कोनी इचारलं नाही गा." चार वर्षांत या घराचा उंबरठा शेकडो माणसांनी ओलांडला, केळी आणली, बिस्किटांचे पुडे आणले, बाजेवरच्या माणसाची प्रकृती विचारली, नशिबाला दोष दिला आणि जिने केलेला चहा घेतला तिला काही न विचारता ती निघून गेली. त्यांत दर शनिवारी येणारा मीही होतो.

राग येतो, किळस येते, आणि एखाद्या पहाटे हे सगळे एकदाचे संपावे असाही विचार मनात डोकावून जातो. मग त्या विचाराची जी लाज वाटते ती मूळ श्रमाहून जास्त थकवते. हे ज्यांच्या मनात आले नाही असे सेवेकरी असतील तर त्यांना नमस्कार असो, मला ते भेटलेले नाहीत. ज्यांच्यामुळे चंद्रपूर जिल्ह्याचे नाव जगात गेले त्या बाबा आमट्यांच्या आयुष्यातली तुळशीरामाची हकिगत प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असते, पण तिचा पूर्वार्ध आपण घाईने वाचतो. वरोऱ्यात भर पावसात रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेला, अंगात किडे झालेला तो कुष्ठरोगी दृष्टीस पडला तेव्हा बाबा, ज्यांच्या निर्भयपणाची साक्ष सारे गाव देत असे, ते भीतीने पळून घरी गेले. नंतर ते परतले, त्यांनी त्याच्यावर आडोसा उभारला, त्याची शुश्रूषा केली, आणि त्या भीतीशीच झगडत पुढे १९४९ साली सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या पुंजीवर आनंदवन ही वसाहत मांडली. आपण परतण्याचा गौरव करतो तो योग्यच आहे; परंतु पळण्याची गोष्ट बाबांनी स्वतः लपवली नाही, हा त्यांचा मोठेपणा मला त्याच तोडीचा वाटतो. माझ्या आईला ही हकिगत तिच्या चापटीच्या दुसऱ्या दिवशी कोणी पूर्वार्धासकट सांगितली असती, तर तिची तीन वर्षे हलकी झाली असती.

आनंदवनाची गोष्ट निघाली की साधनाताईंना टाळून पुढे जाता येत नाही. १९४६ साली नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या सोवळ्या घरातून त्या बाबांच्या संसारात आल्या. पुढे कण्याच्या विकाराने बाबांना बसणे अशक्य झाले. एक तर उभे राहावयाचे, नाही तर आडवे पडावयाचे, अशा अवस्थेत त्यांनी कित्येक दशके काढली. या अवस्थेत १९८५ साली ते भारत जोडो यात्रेला निघाले आणि १९९० नंतर नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले, आणि त्या पडलेल्या माणसाच्या पथ्यपाण्यापासून पाहुण्यांच्या पंगतीपर्यंतचा भार साधनाताईंनी वाहिला. २००८ च्या फेब्रुवारीत बाबा गेले, २०११ च्या जुलैत साधनाताई. त्यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'समिधा'. स्वतःच्या आयुष्याला काय म्हणावे हा त्यांचा अधिकार होता आणि त्यांनी तो प्रसन्नपणे, किंचित मिस्किलपणेही बजावला. माझा आक्षेप आपणा सर्वांवर आहे, कारण तो शब्द आपण त्यांच्याकडून उचलला आणि घरोघरच्या बायकांच्या कपाळी लावून मोकळे झालो. स्वतःला समिधा म्हणवून घेणे निराळे आणि दुसऱ्याला समिधा म्हणून यज्ञाच्या उबेला बसणे निराळे. त्याग, मूर्तिमंत सेवा, देवमाणूस ही विशेषणे आपल्या तोंडून इतक्या सहजी निघतात, याचे एक कारण असे की ती फुकट पडतात.

आणि आनंदवनाने शिकवले ते तर याच्या अगदी उलट आहे. तिथे जी माणसे आली त्यांना रक्ताच्या नात्यांनी टाकले होते; त्यांच्या उशाशी बसायला बायको नव्हती, सून नव्हती. म्हणून शुश्रूषा हे नात्याचे कर्ज न राहता वसाहतीचे काम झाले, धान्य पेरण्यासारखे, विहीर खणण्यासारखे; ज्याचे जे अवयव शाबूत त्याने त्यांवर ते करावे, आणि काम म्हटले की त्याला पाळी आली, विश्रांती आली, बदली माणूस आले. कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण शेजारच्या बाजेवरचा म्हातारा कोणाचाच कोणी नसताना त्याची कूस वेळच्या वेळी पालटली जाते, आणि पाच मुलांच्या बापाची पाठ फुटते, हे मी दोन्ही पाहिलेले आहे.

कायद्याकडे यावे तर तिथली स्थिती विनोदी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा २००७ चा अधिनियम वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतो; ते ठीकच आहे. जी टाकून न देता रात्रभर जागते तिच्यासाठी त्यात काही नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात, ज्यांना अधिक आधार लागतो अशांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आलेला आहे. परंतु उल्लेख आणि अंमल यांमध्ये किती तहसिली बसतात हे मला वेगळे सांगायला नको. केरळ सरकार मात्र 'आश्वासकिरणम्' या योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यास दरमहा ६०० रुपये देते. रक्कम पाहून हसू येईल. महिनाभर चादरी धुवायच्या साबणाला ती पुरेल की नाही याची शंका आहे. पण माझ्यासारख्या कारकुनाच्या दृष्टीने त्या योजनेत एक क्रांतिकारक गोष्ट आहे: सरकारी कागदावर बाजेशेजारच्या माणसासाठी एक रकाना निघाला.

त्याच केरळात, कोझिकोड येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्धर आजाऱ्यांच्या वेदनाशमनाचे जे काम सुरू केले, त्यातून गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले, २००८ साली राज्याने त्याचे धोरण केले, आणि पंचायतीच्या वतीने परिचारिका घरी येऊन जखम बांधते, नळी बदलते, ही तिथे नवलाची गोष्ट राहिली नाही. केरळचे उदाहरण दिले की आपल्याकडे लगेच उत्तर येते की ते साक्षर राज्य, आमचा जंगलाचा जिल्हा. या उत्तराचा मला राग येतो, कारण घरी जाऊन उपचार करण्याची विद्या या देशाला ज्यांनी शिकवली त्यांत गडचिरोलीचे नाव पहिल्या ओळीत आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले, त्या नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या, आणि तीन वर्षांत नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा वृत्तान्त १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज देशभरात आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जाते, तिच्या वाटेचा उगम या जंगलात आहे. बंगांच्या 'सर्च' संस्थेचे शोधग्राम येथील माँ दंतेश्वरी रुग्णालय बांधले तेही इथल्या माडिया-गोंड आदिवासींना विचारून, त्यांच्या वस्तीच्या धर्तीवर, रुग्णासोबत त्याच्या माणसांना राहता यावे अशा झोपड्यांचे. कारण ज्या दवाखान्यात आपल्या माणसाला आपल्यापासून तोडतात तिथे जायला ही माणसे राजी नव्हती. रुग्ण आणि त्याचे माणूस हे एकच प्रकरण आहे, त्याच्या दोन नस्त्या करता येत नाहीत, हे माडिया-गोंडांना जे कळले होते ते शहरातल्या भेटीच्या वेळेच्या पाट्या लावणाऱ्यांना अद्याप कळलेले नाही.

तेव्हा माझी मागणी लांबलचक नाही. ज्या दारात आशाताई जन्मलेल्या बाळासाठी जाते, त्याच दारात तिने किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या कोणी, योग्य मानधन घेऊन, अंथरुणावर पडलेल्या माणसासाठी पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा आणि पुढे महिन्याला एकदा जावे. कूस कशी पालटावी, घास कसा द्यावा, जखम कशी ओळखावी हे दाखवावे. आणि रुग्णाचे ब्लड प्रेशर मोजून झाले की तोच पट्टा शेजारच्या बाईच्या दंडाला बांधावा. रुग्णालयाने 'सेवा करा' असे म्हणण्यापूर्वी घरच्या माणसाकडून एकदा ती आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. त्याला फार तर एक तास लागेल. पैशाचा प्रश्न निघेल, तर आमच्या भागातल्या ग्रामसभांकडे मी बोट दाखवीन. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागून इतर अनेक गावांना मिळाला, आणि बांबू व तेंदूपत्ता विकून पैसा हाती येणाऱ्या ग्रामसभा आता या जिल्ह्यात आहेत. त्यांनी मजुरीचे वाटप करताना, गावात ज्या घरी बाज आहे त्या घरातल्या बाईचे नाव हजेरीवर लावून घ्यावे, ती जंगलात आली नसली तरी. ती कामावरच असते. हा ठराव करायला मुंबईच्या मंजुरीची गरज नाही, एका रात्रीची बैठक पुरे.

आई आता शहात्तर वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत ती न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि बाज पुन्हा त्याच खोलीत आली. या वेळी शेजारी चटईवर माझी पत्नी निजते. सेवानिवृत्त असल्यामुळे दुपारची पाळी माझी असते, आणि घासाची जाडी अजून मला नीट जमत नाही. वाचकहो, आपल्या गावात असे घर असेलच. तिथे जाल तेव्हा केळी नेली नाहीत तरी चालेल. बाजेवरच्या माणसाशी बोलून झाले की चहा घेऊन येणाऱ्या बाईला रात्री किती झोप मिळाली ते विचारा, आणि विचारून उठू नका. दोन तास तिच्या जागी बसा आणि तिला बाजाराला जाऊ द्या.